आमच्या माळाचा आराखडा झाला, आम्हाला फोटोपुरतं बोलावलं. आता पुढे काय?

शिवारातला
मंडळी, नमस्कार. गाव उत्तर सोलापुरात, नान्नजच्या अंगाला. नाव मुद्दाम लिहीत नाही.

गावाच्या उगवतीला मोठा माळ आहे. काही भाग वनखात्याचा, काही गायरान, मधेच दोन-तीन खासगी गट घुसलेले. मागच्या महिन्यात ग्रामपंचायतीत बैठक झाली. एका संस्थेची दोन पोरं लॅपटॉप घेऊन आली. पडद्यावर आमचाच माळ आणि त्यावर रंग मारलेले. हिरवा म्हणजे वृक्षलागवड, निळा म्हणजे समतल चर, पिवळा म्हणजे 'पर्यायी वापर'. पर्यायी म्हणजे काय, तर सौर पॅनेल. तेही चहा पिऊन झाल्यावर कुणीतरी विचारलं म्हणून कळलं. अर्ध्या तासात सह्या, फोटो, निघाले. अहवालात 'लोकसहभागातून तयार केलेला आराखडा' असं छापून येणार, पैज लावतो.

हिरवा रंग जिथं मारलाय तिथं मारवेल आणि पवन्या गवत आहे, अगदी गुडघाभर. तिथं खड्डे मारून गिरिपुष्प लावणार. पिवळ्या पट्ट्यातून मेंढरांची वाट जाते. या दोन गोष्टी गावातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल, पण त्या पोराला विचारणार कोण?

मला भांडायचं नाही. आपला स्वतःचा नकाशा करून ग्रामसभेत मांडायचा आहे. जगात जिथं जंगलजमिनीचं नियोजन तिथल्या लोकांना धरून झालं तिथं नेमकं काय केलं, आणि आपल्याकडे ते कुठल्या कायद्यात बसतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहावं.

सातरस्ता
काय बे, सोलापुरात जंगल? आमच्या इथं सावलीसाठी लोक विजेच्या खांबामागं उभे राहतात की.

धागा चांगला आहे, पण शीर्षकात जंगल शब्द घातला असता तर विदर्भवाले रागावले असते.

शिवारातला
@सातरस्ता हसा, पण कागदावर आपण जंगलवालेच. चॅम्पियन आणि सेठ यांचं १९६८ चं वनांचं वर्गीकरण आजही खातं वापरतं. त्यात आपल्याकडचा प्रकार 'दक्षिणी उष्णकटिबंधीय काटेरी वन'. हिवर, बाभूळ, खैर, बोर, तरवड आणि मधे गवत. पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे झाडं विरळ राहणारच. ती विरळ आहेत म्हणून माळ उजाड समजायचा आणि खड्डे मारायचे, हा उद्योग २०१६ ते २०१९ च्या कोट्यवधी झाडांच्या मोहिमेत पाहिलाच आपण. २०१९ मध्ये एका पावसाळ्यात ३३ कोटी. कुठं लावली, तर जिथं मोकळं दिसलं तिथं.

निवृत्त_वनपाल
नोकरीचा बराचसा काळ याच पट्ट्यात गेला, म्हणून लिहितो.

लोकांना न विचारता आराखडा केला की काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुमच्या दारातच आहे. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं, ८,४९६ चौरस किलोमीटर. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यातले तालुके. माळढोकाला मोठा परिसर लागतो हे पक्षीतज्ज्ञांचं म्हणणं बरोबर होतं. पण रेघ मारली ती तालुक्याच्या हद्दीवर. आत गावं, ऊस, कारखाने, रस्ते, सगळंच आलं. प्रत्यक्ष वनजमीन त्यात अगदी थोडी, बाकी लोकांच्या सातबाऱ्यावरची. जमीन विकायची, बिगरशेती करायची, तर अभयारण्याचा अडथळा.

पोरीच्या लग्नासाठी दोन एकर विकायला निघालेला माणूस त्या पक्ष्याबद्दल काय बोलायचा ते इथं लिहिता येणार नाही. ज्या शेतकऱ्याच्या ज्वारीत माळढोक बिनघोर चरायचा, तोच त्याचा वैरी झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर तीसेक वर्षं गेली होती. उजनीचं पाणी आलं, कोरडवाहू जोंधळ्याच्या जागी ऊस उभा राहिला. आता एखादी मादी दिसली तरी पेपरात बातमी येते.

माळढोक केवळ त्या रेघेमुळे गेला असं मी म्हणणार नाही. ऊस, विजेच्या तारा, कुत्री, कारणं पुष्कळ. पण राखण करायला गावातला जो माणूस लागतो, तो आपण पहिल्याच दिवशी घालवला.

तरवड
वनपालकाका, +१. ही बाजू खात्यातल्या माणसानं लिहिली म्हणून विशेष.

शिवारातला दादा, कायद्याचं मी सांगते. काही वर्षं गडचिरोलीत काम केलंय, आता सोलापुरात आहे.

तुमच्याकडे आली ती बहुधा संयुक्त वनव्यवस्थापनाच्या पद्धतीची बैठक होती. ती पद्धत केंद्राच्या १ जून १९९० च्या परिपत्रकातून आली. समिती गावाची, सचिव वनपाल, आराखडा खात्याच्या चौकटीतला. वाईट नाही, पण त्यात गावाला हक्क काही नसतो. उद्या साहेब बदलला की समिती कपाटात.

२००६ चा वनहक्क कायदा वेगळा आहे. कलम ३(१)(झ) खाली गावाला सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मिळतो. आणि ३(१)(घ) जरूर वाचा. त्यात चराई आहे, एका जागी राहणाऱ्यांची आणि फिरत्यांची दोन्ही. भटक्या, पशुपालक समाजाच्या हंगामी वापराचा उल्लेख स्पष्ट आहे. हा कायदा फक्त आदिवासींसाठी आहे असं तुम्हाला दहा ठिकाणी सांगतील. तसं नाही. 'इतर पारंपरिक वननिवासी' त्यात आहेत, फक्त त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो. अभयारण्यातल्या वनजमिनीलाही कायदा लागू आहे.

अडचण लपवत नाही. वननिवासी ठरायला तिथलं वास्तव्य आणि उपजीविकेसाठी वनावरचं अवलंबित्व दाखवावं लागतं आणि पश्चिम महाराष्ट्रात अधिकारी इथंच अडवतात. म्हणून पुरावे भरपूर गोळा करा.

सातरस्ता
७५ वर्षांचा पुरावा? आमच्या आज्याच्या जन्माचा दाखला नाही, जन्म 'मोठ्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी' एवढंच माहीत.

तरवड
@सातरस्ता नियमांनी तेच ओळखलंय. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे, त्यातले किमान दोन लागतात. जुने सरकारी दस्तऐवज, गॅझेटियर, विहिरी, दफनभूमी, देवस्थानं आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरचा विसावा खंड १८८४ चा आहे, त्यात इथल्या धनगर समाजाची माहिती आहे. माळावर बिरोबाचं ठाणं असेल तर त्याचा फोटो आणि गटक्रमांक. २०१२ च्या दुरुस्तीनंतर नुसत्या उपग्रहचित्रावर दावा फेटाळता येत नाही.

सामूहिक हक्कांसाठी नमुना 'ख', व्यवस्थापनाच्या हक्कासाठी 'ग'. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला.

लेखा_धानोरा
जोहार. आमच्याकडचा अनुभव थोडक्यात.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना पाठ असते. तिच्यामागे बसून चर्चा करणारे अभ्यास गट होते, ते कुणी बघत नाही. हक्काचा कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून गावात अभ्यास चालू होता आणि निर्णय सर्वसहमतीनं. एकजण नाही म्हणाला तर विषय पुढच्या बैठकीत. वेळ लागतो, लोक कंटाळतात, पण नंतर कुणी 'मला विचारलं नव्हतं' म्हणू शकत नाही. हक्क मिळूनही बांबूचा वाहतूक परवाना गावाच्या हाती यायला २०११ उजाडलं, तेही केंद्रीय मंत्री गावात आले तेव्हा.

चंद्रपूरच्या पाचगावचं जरूर वाचा. २०१२ मध्ये हजारेक हेक्टरवर हक्क मिळाला. गावानं स्वतः नियम लिहिले. तेंदूपत्ता तोडणं बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटतात आणि आगी लावतात. हातात येणारा पैसा सोडला. वर काही जंगल देवराई म्हणून राखून ठेवलं, तिथं कुऱ्हाड नाही. हे एखाद्या सल्लागारानं लिहून दिलं असतं तर गावानंच त्याला हाकलला असता.

निवृत्त_वनपाल
मेंढा, पाचगाव ठीक. पण हीच दोन गावं सगळ्या भाषणांत का येतात याचाही विचार करा. मी अशी ग्रामसभाही पाहिलीय जिथं मुरूम उपसणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं आधी पार्टी दिली आणि सकाळी ठराव झाला. गायरानावर आधी शेड, मग घर, मग निवडणुकीत ते घर नियमित करायचं आश्वासन. गावाच्या हाती दिलं म्हणजे राखलं जाईल, हा भाबडेपणा झाला.

आणि गावाला नेहमी गवत हवं असतं असंही नाही. तुमच्याच गावात मतदान घ्या. सौर कंपनीचं भाडं की मारवेल? भाडं जिंकेल.

शिवारातला
काका, खरं आहे. पण भाडं कुणाला मिळणार? गायरानाचं भाडं सरपंचाच्या खिशात जाणार नाही हे मान्य. ग्रामपंचायतीला निधी मिळेल, गटारं होतील. माळावर ज्याची पन्नास शेरडं चरतात त्याच्या घरापुढं गटार आलं तर तो काय करणार, शेरडं गटारात चारणार?

सौर कृषी वाहिनी २.० ही शेतीला दिवसा सौरवीज द्यायची सरकारी योजना आल्यापासून (२०२३) गायरानावर डोळा वाढलाय. दिवसा वीज मला पण हवी आहे, रात्री मोटार चालू करायला जाताना साप दिसतात. माझं म्हणणं एवढंच की कुठल्या गटात पॅनेल बसवायचे ते आम्ही दाखवतो. खडकाळ, गवत न येणारा तुकडा आहे ना. तो उपग्रहातून दिसत नाही, चालून दिसतो.

मेंढरामागं
राम राम. मी सोलापुरात कॉलेजला हाय, घरी मेंढरं. धागा मित्रानं पाठवला.

समदे आमच्यावर बोलताय पण आमी त्या बैठकीत नव्हतो. असणार कसे, तवा आमचा वाडा, म्हंजी मेंढरांचा तळ, लांब व्हता. ग्रामसभा २६ जानेवारीला, तवा आमी रानोमाळ. १ मे ला पण तेच. सही नाय म्हणजे हक्क नाय, असं हाय का?

माळ कसा वापरत्यात ते सांगतो. दसरा झाला की वरल्या अंगाला कुसळी पिकती. तिचं कुसळ लोकरीत अडकतं, दवानं ओलं झालं की त्याचा पीळ सुटतो आन ते फिरत-फिरत कातड्यात घुसतं. कोकराच्या डोळ्यात गेलं तर डोळा जातो. म्हणून तवा आमी तो अंग सोडतो, खालच्या मारवेलावर येतो. कुसळ गळून पडलं की वर. जोंधळा निघाला की शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, त्याला खत, आमाला धाटं आन थोडं धान्य. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा. म्हणजे एकच माळ, पण चार महिन्याला येगळा. तुमच्या त्या हिरव्या-पिवळ्या नकाशात महिना कुठं लिवतात?

आन लांडगा. समदे इचारतात लांडग्याला मारता का. तो कोकरू नेतो, राग येतो. पण लांडगा नाय असा माळ माझ्या आज्यानं पण बघितला न्हाई. राग लांडग्याचा कमी, पंचनाम्याच्या चकरांचा जास्ती.

नकाशेवाला
वरचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे. मी नकाशे करून पोट भरतो, पुण्यात असतो, मूळचा अक्कलकोटचा.

'महिना कुठं लिहितात' याचं उत्तर: बहुतेक ठिकाणी लिहीतच नाहीत. जमिनीचा वापर म्हणजे एका तुकड्याला एक रंग, अशी आमच्या धंद्याची सवय आहे. शासनाच्या पडीक जमिनींच्या नकाशात गवताळ आणि झुडपी माळ पडीकात धरलेले असतात. एकदा तिथं बसलं की पुढच्या माणसाला ती जमीन रिकामीच दिसते.

गावानं नकाशा करायचा तर संगणकापासून सुरुवात करू नका. देवळासमोर मोकळ्या जागेत चुन्यानं किंवा रांगोळीनं काढा. आधी पाणी आणि ठाणी, म्हणजे ओढा, पाझर तलाव, म्हसोबा, बिरोबा. या जागांवर भांडण होत नाही आणि बाकीच्या खुणा त्यांच्या आधारानं लागतात. मग वाटा. मग कोण, कधी, काय आणतो. प्रत्येक हंगामाचा वेगळा नकाशा. एकाच कागदावर कोंबलंत की पुन्हा तोच घोळ. त्यानंतर शिवारफेरी करून मोबाईलच्या जीपीएसवर बिंदू घ्या आणि भूमी अभिलेखच्या गाव नकाशावर बसवा. तिथं गटाच्या हद्दी आणि प्रत्यक्षातला ओढा जुळत नाहीत हे कळेल. घाबरू नका, कुठंच जुळत नाहीत.

दोन गोष्टी सांभाळा. लांडग्याची बिळं, माळढोकाच्या, तणमोराच्या जागा नकाशात दाखवू नका. नकाशा एकदा व्हॉट्सॲपवर गेला की गेला.

दुसरी गोष्ट इंडोनेशियातून शिकण्यासारखी. नव्वदच्या दशकात बोर्निओ बेटावरच्या कालिमंतानात गावांनी स्वतःचे नकाशे काढायला घेतले, कारण सरकारी वननकाशात गावंच नव्हती, नुसते लाकूडतोडीचे ठेके. त्यातून मोठी चळवळ उभी राहिली आणि २०१३ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं पारंपरिक समाजांचं जंगल हे सरकारी जंगल नाही असा निकाल दिला. पण नकाशा काढताना गावागावांत भांडणं लागली. आधी दोन गावं एकच रान सामंजस्यानं वापरायची, मधे रेघ नव्हती. नकाशाला रेघ लागते. तुमच्या माळावर शेजारच्या गावाची गुरं येतात का? येत असतील तर आधी त्यांच्याकडे जाऊन बसा.

सातरस्ता
आमच्याकडं शेजारच्या गावाशी बसायचं म्हणजे आधी मटण, मग नकाशा. क्रम लक्षात ठेवा.

चंद्रभागाकाठ
पंढरपूरहून लिहितेय. एवढा मोठा धागा, सगळे ग्रामसभा ग्रामसभा करताय. आमच्याकडं ग्रामसभा सकाळी अकराला. त्या वेळी बायका खुरपायला गेलेल्या असतात. मग एक तृतीयांश कुठून आणता? रजिस्टर घरी पाठवून सही आणतात. मी स्वतः केलीय, दारात उभी राहून, हाताला पीठ लागलेलं.

माळावर बायका काय करतात ते विचारलंय का कुणी? जळण. शेण. हिवाळ्यात बोरं, ती पाटीत घालून आठवडी बाजारात. हा पैसा घरच्या कारभाऱ्याला सांगितला जात नाही, म्हणून तो कुठल्याच सर्वेक्षणात येत नाही. वृक्षलागवडीत बोराटी आधी काढतात, काटे लागतात म्हणून. गेला तो पैसा.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. ती संध्याकाळी घ्या, आणि माईक ग्रामसेवकाच्या हातात नको.

तरवड
ताई, अगदी. चराईबंदी-कुऱ्हाडबंदीचंही असंच झालं. आदर्श गावांचं कौतुक मीही करते, हिवरेबाजारला जाऊन आलेय, पाणी आलं हे नाकारून चालणार नाही. पण मोकळी चराई बंद झाली की शेळीवाल्या भूमिहीन बाईला चारा डोक्यावरून आणावा लागतो. गाईवाला दूध संघाला जातो, शेळीवाली मजुरीला. नियोजनात कुणीतरी किंमत मोजतंच, ती कोण मोजणार हे मोजणाऱ्यासमोर ठरलं पाहिजे.

बार्शीकर_परदेशी
उशिरा आलो. ग्वाटेमालात कामानिमित्त राहिलो होतो, तिकडचं सांगतो. मूळ प्रश्नाचा तो भाग राहिलाय.

उत्तरेला पेतेन नावाचा प्रांत आहे. तिथं १९९० मध्ये माया जीवावरण राखीव क्षेत्र झालं, वीस लाख हेक्टरच्या वर. काही भाग कडक राष्ट्रीय उद्यानं, काही भाग 'बहुविध वापरा'चा. या दुसऱ्या भागात गावांच्या संघटनांना २५ वर्षांच्या कराराने जंगल चालवायला दिलं. अटी कडक: व्यवस्थापन आराखडा हवा, बाहेरच्या संस्थेकडून प्रमाणपत्र हवं, लाकूड ठरलेल्या तुकड्यातूनच आळीपाळीनं तोडायचं. महोगनी तर आहेच, शिवाय फुलांच्या गुच्छात घालायची शाते नावाची पानं आणि च्युइंगमचा चीक. गावातल्याच गिरणीत लाकूड कापतात, म्हणजे मजुरी गावात राहते.

गंमत अशी की त्याच क्षेत्रातल्या पश्चिमेच्या राष्ट्रीय उद्यानात गुरांच्या कुरणांसाठी बेसुमार जंगल गेलं, आणि जिथं गावं तोडणी करतात तिथं जंगलतोड जवळजवळ नाही. तोडणाऱ्यांनीच राखलं. आग लागली तर पहिल्यांदा तेच धावतात, कारण पुढच्या वर्षीचा तुकडा त्यांचाच असतो.

पण सगळीकडे जमलं असं नाही. जी गावं नुकतीच येऊन वसली होती, ज्यांचं पोट जंगलापेक्षा गुरांवर होतं, तिथले काही करार मोडले आणि रद्द झाले. त्यामुळे वनपालकाकांचा मुद्दा तिथंही लागू आहे. फरक कराराच्या मुदतीचा. पाच वर्षांच्या आराखड्यासाठी कुणी आज पैसा सोडत नाही, पंचवीस वर्षांसाठी सोडतो.

निवृत्त_वनपाल
मुदतीचा मुद्दा पटला. आमच्या खात्याची कार्य आयोजना, म्हणजे जंगल चालवायचा आराखडा, साधारण दहा वर्षांची, आणि तेवढ्यात तीन साहेब बदलतात.

एक सुचवतो. जैवविविधता व्यवस्थापन समिती तुमच्या ग्रामपंचायतीत आहे, २००२ च्या कायद्यानं प्रत्येक ठिकाणी असायलाच हवी. लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची आणि त्यांच्या वापराची वही, तीही असेल. हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली होती, नाहीतर राज्याला महिन्याला दहा लाख दंड, म्हणून देशभर घाईघाईनं नोंदवह्या झाल्या. तुमची उघडून बघा. त्यात सागवानाचं जंगल निघालं तर दुसऱ्या गावाची चिकटवलीय असं समजा. ती दुरुस्त करून घ्या, मेंढरावाल्या पोरानं लिहिलंय ते कुसळीचं त्यात घाला. सरकारी दप्तरात गावाचं म्हणणं घुसवायचा तो सोपा दरवाजा आहे.

तरवड
आणि घाई नको, पण फार उशीरही नको. पश्चिम घाटाचं काय झालं बघा. घाटाचं पर्यावरण कसं राखायचं यावरचा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा. क्षेत्रं कशी ठरवायची ते ग्रामसभांशी बोलून ठरवा असं त्यातच होतं. अहवाल महिनोनमहिने दाबून ठेवला, २०१२ मध्ये बाहेर आला, तोही इंग्रजीत. तोवर गावोगाव 'घराला वीट लावता येणार नाही' अशी आवई उठलेली. सिंधुदुर्गातल्या काही ग्रामसभांनी तर आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या असे ठराव केले होते, ते कुणी वाचले नाहीत. २०१४ पासून अधिसूचनेच्या मसुद्यांवर मसुदे निघतायत.

उलट ओडिशातलं नियामगिरी. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१३ मध्ये बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही नाही म्हणाल्या. खाण झाली नाही. आपल्या डोंगराचं आणि झऱ्यांचं म्हणणं तिथल्या लोकांनी सभेला हजर असलेल्या जिल्हा न्यायाधीशांसमोर मांडलं.

शिवारातला
सगळ्यांचे आभार, फोनवर वाचून डोळे दुखले पण सार्थकी लागलं. दोन दिवस तलाठी कार्यालयात घातले. गाव नमुना १-अ, म्हणजे वनजमिनीची नोंदवही, आणि १-ब, म्हणजे सरकारी जमिनींची, असे दोन्ही काढून घेतले. संस्थेच्या नकाशातला पिवळा पट्टा अर्धा गायरानात आणि अर्धा चक्क १-अ मधल्या गटात निघाला. वनजमिनीवर सौर पॅनेल म्हणजे केंद्राची परवानगी लागते, ती प्रक्रियाच वेगळी. बैठकीत कुणी बोललं नाही, बहुधा त्यांनाही माहीत नव्हतं. सरपंचांना दाखवलं. ते म्हणाले, 'बरं झालं सांगितलंस, मी सही केलीय की बे त्याच्यावर.'

ठरलं असं. आधी शेजारच्या गावाच्या चार माणसांशी बसणार (सातरस्ता, क्रम पाळतोय). महिलांची सभा संध्याकाळी सातला, शाळेत. नकाशा देवळासमोर.

@मेंढरामागं तुमचे वाडे परत कधी येतात?

मेंढरामागं
वळीव पडला की फिरतो, मिरगाच्या आधी माळावर असतो. पण सभा दिवसा ठिवू नका, राती वाड्यावर या. म्हातारं माणूस मेंढरं टाकून गावात येत न्हाई, पण वाड्यावर बसलं की दोन तास बोलतंय. नकाशेवाल्या दादाला पण आना, त्याला कुसळी दावतो.

नकाशेवाला
येतो. चुना मी आणतो, बॅटऱ्या तुम्ही बघा. वाड्यावरचं बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर म्हाताऱ्यांना आधी विचारा.

चंद्रभागाकाठ
पिवळ्या पट्ट्याचं पुढं काय? आणि सहीचं?

शिवारातला
पट्टा लटकलाय. सरपंचांनी संस्थेला पत्र दिलंय की आधीचा ठराव ग्रामसभेपुढे पुन्हा ठेवणार. उत्तर आलेलं नाही. नव्या ठरावाचा मसुदा उद्या इथंच टाकतो. तरवडताई, कलमं तेवढी तपासा. वनपालकाका, तुम्ही तो मुरूमवाला होऊन वाचा आणि कुठं फट राहिलीय ते सांगा.